घरच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा कसा पारखावा

खोक्यावरचं ‘फोर-के’ एवढंच सांगतं, की एका फ्रेममध्ये 3840 × 2160 ठिपके आहेत, फुल एचडीच्या चौपट. त्यात चेहरा कसा दिसेल, ते कळत नाही. भर उन्हात जवळपास कुठलाही कॅमेरा बरं चित्र देतो. घरातले प्रसंग मात्र बहुतेक दिव्याच्या उजेडातले, आणि पोरं एका जागी बसत नाहीत. परीक्षा तिथेच घ्या.

रात्री खोलीतला एकच दिवा लावा, सगळं ऑटोवर ठेवा आणि दोन-तीन मीटरवरून बोलणाऱ्या माणसाचा मिनिटभर व्हिडिओ घ्या. तो कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर पाहू नका, तिथे सगळंच झकास दिसतं. टीव्हीवर लावा आणि भुवया, केस, स्वेटरची वीण बघा. अंधाऱ्या कोपऱ्यात थोडे दाणे वळवळले तर चालतं. पण ते दाणे घालवण्याच्या नादात गाल मेणासारखे गुळगुळीत झाले असतील आणि मान हलली की केसांचा लगदा होत असेल, तर कॅमेरा नापास. दाणे नंतर कमी करता येतात, पुसलेली भुवई परत येत नाही.

आडवे काळपट पट्टे सरकताना दिसले तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका. 50 हर्ट्‌झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड घेण्याचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद केलं की पट्टे सहसा जातात. 60 हर्ट्‌झ असेल तर 1/60 किंवा 1/120. शटर हाताने ठरवायची सोयच नसेल, तर मात्र विचार करा.

मग फोकस. मुलाला खोलीच्या त्या टोकापासून थेट कॅमेऱ्याकडे पळत यायला सांगा, चार-पाच वेळा. फोकस मागच्या भिंतीवरच अडकतो, की चेहऱ्यावर येऊन पुढे-मागे हेलकावे खातो? दुसरी खोड जास्त वैताग आणते.

चालत चित्रीकरण करून स्टॅबिलायझेशन, म्हणजे हादरे कमी करण्याची सोयही तपासा, एकदा चालू ठेवून, एकदा बंद. इलेक्ट्रॉनिक प्रकारात कडा कापल्या जातात. लहान खोलीत तेवढ्यानेच कोणीतरी फ्रेमबाहेर जातं. कॅमेरा झर्रकन फिरवल्यावर दाराची चौकट तिरकी झाली, तर सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, ओळी सावकाश वाचतो आहे.

आवाजाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. पंखा चालू ठेवून दोन मीटरवरून हळू बोलायला लावा, मग सगळे गप्प बसा. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय, शांततेत आवाज उचलते आणि पंख्याची घरघर वर येते. ती किती चढते, हेडफोन लावून ऐका.

100 मेगाबिट प्रतिसेकंद दराने मिनिटाला 750 एमबी, म्हणजे तासाला 45 जीबी लागतात. कार्ड व्ही-30 घ्या, ते सेकंदाला किमान 30 एमबी लिहितं. आणि अर्धा तास सलग चालवून बघाच: काही जुनी मॉडेलं 29 मिनिटं 59 सेकंदांना आपोआप थांबतात, काही तापून त्याआधीच.