युफोनियम घेताय? चकाकी सोडा, आधी पिस्टन दाबून बघा

युफोनियम म्हणजे बँडमधलं मोठ्या भोंग्याचं, भारदस्त आवाजाचं पितळी वाद्य. दुकानात जायच्या आधी एक गोष्ट घरीच ठरवून टाका, तीन वॉल्व्हचं (वॉल्व्ह म्हणजे बोटाने दाबायची कळ, ती दाबली की हवेची वाट लांबते आणि सूर खाली येतो) हवं का चार, आणि चार हवं तर साधं का कॉम्पेन्सेटिंग (ते काय ते पुढे सांगतो), कारण किमतीतला मोठा फरक इथेच पडतो आणि दुकानदार तुम्हाला हे सांगेलच असं नाही. काहीही न दाबता वाजतो तो सा धरला, तर तीन वॉल्व्हवर खालच्या सा च्या लगेच वरचे दोन सूर, कोमल रे आणि रे, हमखास चढे येतात, कारण तिथे दोन-तीन वॉल्व्ह एकदम दाबावे लागतात आणि नळीची लांबी बेरजेत कमी पडते. चौथा वॉल्व्ह असला की रे एकट्या चौथ्यावर निघतो, कोमल रे दुसरा आणि चौथा दाबून, आणि दोन्ही बऱ्यापैकी जागेवर बसतात. पण अजून खाली, मंद्र सप्तकात गेलात की चौथा दाबलेला असतानाही परत तीच बोंब, आणि पेडल सा, म्हणजे न दाबता निघणारा सगळ्यात खालचा सा, त्याच्या वरचा कोमल रे तर साध्या चार वॉल्व्हवर नीट निघतच नाही.

यावर १८७४ मध्ये लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकलीने उपाय काढला, चौथा दाबला की हवा पहिल्या तीन वॉल्व्हमधून परत एकदा फिरते आणि वाटेत मागच्या बारक्या नळ्यांमधून जाते, म्हणजे कमी पडणारी लांबी आपोआप भरून निघते. हेच कॉम्पेन्सेटिंग. ओळखायचं सोपं आहे, वॉल्व्हच्या पाठीमागे छोट्या छोट्या जास्तीच्या नळ्या दिसतात आणि चौथा वॉल्व्ह बहुतेक वेळा बाजूला असतो, डाव्या हाताने दाबायचा.

वरातीत, मिरवणुकीत गाणी वाजवायचीत तर तीन वॉल्व्हचं बिनधास्त घ्या, हलकं पडतं आणि रस्त्यावर चालताना खांद्याला ते कळतं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षा (ग्रेड) द्यायच्यात किंवा अमेरिकेत मुलगा-मुलगी शाळेच्या बँडमध्ये आहे आणि आता स्वतःचं घ्यायचंय तर चार. कॉम्पेन्सेटिंग पहिलंच वाद्य म्हणून मी तरी कोणाला सांगणार नाही, जड असतं आणि महाग, शिकणाऱ्याला त्या खालच्या सुरांची गरज लागायला वेळ आहे. यामाहाचं ३२१ नावाचं जुनं मॉडेल, चार वॉल्व्ह, साधं, चांगल्या अवस्थेत मिळालं तर नव्या चकचकीत बिननावाच्या वाद्यापेक्षा मी तेच उचलेन.

आता तपासणी. स्वतःचा माउथपीस, ट्यूनरचं ॲप, थोडं वॉल्व्ह ऑइल आणि एक कापड बरोबर न्या. माउथपीसची शँक, म्हणजे वाद्यात बसणारी त्याची दांडी, तीन मापांत येते, छोटी, मध्यम, मोठी. ३२१ ला छोटी लागते, हल्लीच्या मोठ्या कॉम्पेन्सेटिंगना मोठी. छोटी शँक मोठ्या तोंडात खोल जाऊन डुगडुगते आणि मग सूर वाईट येतो तो वाद्याच्या नावावर खपतो, म्हणून आधी घट्ट बसतोय का बघा.

वाजवायची घाई करू नका, आधी पिस्टन, म्हणजे वॉल्व्हच्या आत वर-खाली होणारा दांडा. कोरडा असेल तर तेल घाला, मग एकेक दाबून सोडा, अगदी हळू, आणि बोट थोडं तिरकं ठेवूनही. कुठेही अडकला, खरखरला तर विचारा का. मग हवेची टेस्ट, ही सगळ्यात महत्त्वाची आणि अर्ध्या मिनिटाची. पिस्टन वर असतानाच त्याची स्लाइड, म्हणजे त्या वॉल्व्हची बाहेर ओढता येणारी नळी, पूर्ण बाहेर ओढा, चार-पाच सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. ‘पॉप’ असा स्पष्ट आवाज आला तर वॉल्व्ह घट्ट आहे. नुसतंच फुस्स झालं किंवा काहीच नाही तर हवा गळतेय. पिस्टन झिजला असेल तर तो परत प्लेटिंग (धातूचा मुलामा) करून घासून बसवावा लागतो आणि ते काम स्वस्तात होत नाही, तेव्हा इथे फुस्स झालं की मी तरी पुढचं बघतच नाही. पिस्टन बाहेर काढून बघितलात तर प्लेटिंग उडालेले पट्टे डोळ्यांनाच दिसतील. परत घालताना नंबर बघून त्याच घरात घाला, अदलाबदल झाली की हवाच जात नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

स्लाइड सगळ्या हाताने निघाल्या पाहिजेत. ‘जाम आहे, नंतर निघेल’ म्हणणाऱ्याला म्हणायचं, आत्ता काढून दाखवा.

पोच्यांचं लोक फार मनावर घेतात. भोंग्यावरचा, तळाच्या वळणावरचा छोटा पोचा काही बिघडवत नाही, उलट भाव पाडून मागायला बरा. पण माउथपीसपासून वॉल्व्हपर्यंतच्या नळीतला पोचा आणि वॉल्व्हच्या घरावरचा पोचा, हे दोन नको. तिथेच लाल-गुलाबी ठिपके दिसले तर पितळ आतून कुजायला लागलंय. झाळलेले जोड हाताने थोडे हलवून बघा, झाळ सुटलेली असेल तर वाजवताना झिणझिण ऐकू येते.

आता वाजवा. पाच मिनिटं नुसतं गरम करा, थंड वाद्य उतरं वाजतं. मग काहीही न दाबता खालून वर जा, सा, प, सा, ग, प, सा, आणि ट्यूनर दुसऱ्याच्या हातात द्या, स्वतः बघितलंत की ओठ आपोआप सुधारून घेतात. वरचा ग थोडा उतरा आणि त्यावरचा प चढा, हे बऱ्याच युफोनियमना असतंच, प च्या खालचे तीव्र म आणि म पण चढे येतात. महागड्या मॉडेलवर अंगठ्याचा ट्रिगर, म्हणजे वाजवतानाच मेन स्लाइड सरकवायचा खटका, असतो तो याचसाठी. थोडं असेल तर ओठाने सांभाळता येतं, पण प ओठ ढिले सोडूनही खाली येत नसेल तर ते वाद्य तुम्हाला रोज छळणार. एक सूर अगदी हळू, लांब धरा, मग तोच जोरात, आवाज फाटतो का ते जरा लांब उभ्या माणसाला विचारा, कारण भोंगा तुमच्यापासून लांब तोंड करून असतो.

जुन्या ब्रिटिश वाद्यांची एक गंमत लक्षात असू द्या. तिकडचे ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत हाय पिचला, म्हणजे आजच्यापेक्षा चढ्या सुरावर वाजवायचे, ए हा सूर साधारण ४५२ हर्ट्झला (आज ४४०), आणि तसली वाद्यं आपल्याकडच्या जुन्या बँडवाल्यांकडे अजून निघतात. दिसायला राजेशाही, पण मेन स्लाइड (सगळं वाद्य एकदम सुरात आणायची नळी) जवळजवळ पूर्ण बाहेर ओढल्याशिवाय ४४० ला येत नाहीत, आणि मग बाकीचे सूर आपसात बिनसतात. शोकेसला ठेवायचं असेल तर घ्या. मेरठच्या जली कोठीतून, बँडची वाद्यं जिथे बनतात त्या बाजारातून, नवं मागवणार असाल तर शक्यतो स्वतः जा किंवा वाजवणाऱ्याला पाठवा, आणि एकच न बघता त्याच मॉडेलची दोन-तीन काढायला लावा, वाद्यावाद्यात फरक असतो.

मांडीवर घेऊन बसूनही बघा, पट्ट्याने उभ्यानेही. लहान मुलासाठी घेताय तर माउथपीस तोंडाशी येतो का त्याला मान वर करावी लागते हे त्यालाच बसवून बघायचं, आणि चौथा वॉल्व्ह डाव्या हाताला असेल तर त्याचं बोट तिथे पोचतंय का तेही. पैसे देताना आठ दिवसांत परत करायची बोली लिहून घ्या, नंतर घरी शांतपणे सगळ्या टेस्ट परत एकदा करता येतात.