गोड्या पाण्याची टाकी खाऱ्या पाण्याची करताना

आधी माशांची सोय लावा. टेट्रा, गोल्डफिश टाकीत ठेवून थोडंथोडं मीठ वाढवत नेऊ, असा विचार मनातही आणू नका. मॉली मात्र सावकाश सवय लावली तर खाऱ्या पाण्यात राहते. बाकीचे मासे दुकानदाराला किंवा एखाद्या हौशी मित्राला द्या. पवई तलावात मात्र सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतं.

काच, स्टँड आणि हीटर चालतील. रंगीत खडी काढा. जुना स्पंजही काढा. त्यातले बहुतेक जिवाणू खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत, म्हणून ‘सायकल’, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती वाढवणं, पहिल्यापासूनच करावी लागते. टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते सिलिकॉनमध्ये मुरलेलं असू शकतं. अशा टाकीत झिंगे आणि गोगलगायी जगतील याचा भरवसा नाही, तिथे फक्त मासेच ठेवा.

आता पाणी. ‘चौपाटीवरून कॅन भरून आण की’ असं सांगणारे भेटतात. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी म्हणजे गाळ, सांडपाणी आणि बोटींचं तेल. ते घरी आणू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घरच्या आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात, म्हणून त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) लावा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय पाणी वापरू नका. आमच्याकडे नळ सकाळीच येतो, त्यामुळे मी आदल्या दिवशीच पिंप भरून ठेवते.

मीठ अ‍ॅक्वेरियमचंच, सागरी. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं तेवढं नसतं. २४ × १२ × १५ इंचांच्या टाकीत काठोकाठ साधारण ७० लिटर पाणी बसतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की ५५ लिटर धरा. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन किलो मीठ लागेल. ते पिंपात मिसळून छोट्या पंपाने रात्रभर फिरवा. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खारटपणा मोजायच्या नळीच्या, काचेवर दोन थेंब टाका, झाकण अलगद दाबा, आत बुडबुडा राहू देऊ नका. नळी उजेडाकडे धरली की वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. त्यांच्यामधली रेघ घनतेच्या पट्टीवर १.०२५ वर हवी.

दगडांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना आणि समुद्री घोड्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, कुणी प्रवाळाचा दगड दाखवून ‘गुपचूप घ्या’ म्हणालं तर सरळ पुढे चला. सिरॅमिकचे दगड घ्या, त्यांच्या छिद्रांतही जिवाणू छान वस्ती करतात.

सायकल सुरू करायला कोळणीकडची एक साधी कच्ची कोळंबी पुरते. मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून टाकीत सोडा. ती कुजते, अमोनिया वाढतो, मग नायट्राइट, शेवटी नायट्रेट. अमोनिया चांगला वर गेला की पुरचुंडी बाहेर काढा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले की झालं. चार ते सहा आठवडे लागतात. मध्ये काचेवर तपकिरी थर धरेल, त्याला घाबरू नका.

आपल्याकडे खरी कसोटी मे महिन्यात लागते. पाणी २६ अंशांच्या आसपास हवं आणि खोलीच ३३ वर गेलेली असते. पाण्यावरून टेबलफॅन सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी भराभर उडतं आणि मीठ मागेच राहतं. म्हणून काचेवर टेपची खूण करा आणि रोज खुणेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी घाला, खारं नाही. दमट दिवसांत पंखा कमी पडतो. तेव्हा एसी किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) हवाच.

या मापात टाकीत पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी सुखाने राहते. निळा टँग मुलांनी कितीही मागितला तरी नको, त्याला फार मोठी टाकी लागते. मासे आणल्यावर पिशवी पाण्यावर तरंगू द्या, मग बादलीत घेऊन हवेच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब टाकीचं पाणी सोडा. तासाभराने मासे जाळीने उचला, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. वीज गेली तर खाऱ्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप टाकीशेजारी कायम ठेवा, सेल भरलेले.