व्हील अलाइनमेंट नीट झाली आहे का, हे कसे तपासावे

अलाइनमेंट करून गाडी बाहेर काढल्यावर ती सरळ चालली आणि स्टिअरिंग मधोमध राहिले, की काम चोख झाले असे बहुतेक मालक मानतात. हा समज अपुरा आहे. पुढच्या दोन्ही चाकांची तोंडे सारख्याच प्रमाणात आत किंवा बाहेर वळलेली असतील, तर त्यांचा परिणाम एकमेकांना तोलून धरतो. गाडी सरळ चालते, स्टिअरिंगही वाकडे दिसत नाही, मात्र दोन्ही टायर अखंड घासले जात असतात. प्रत्येक चाक केवळ १० मिनिटांनी, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाने चुकलेले असले, तरी ते दर किलोमीटरला सुमारे ३ मीटर आडवे घासले जाते. म्हणून गाडी चालवून पाहण्याइतकेच महत्त्व काम सुरू असताना तिथे उभे राहून पाहण्याला आणि हाती आलेला कागद नीट वाचण्याला द्यायला हवे.

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन कोन मोजले जातात. वरून पाहिले असता चाकाचे तोंड आत किंवा बाहेर किती वळले आहे तो टो, समोरून पाहिले असता चाक किती कलले आहे तो कॅम्बर आणि बाजूने पाहिले असता स्टिअरिंगचा अक्ष मागे किती झुकला आहे तो कॅस्टर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये यांपैकी फक्त पुढच्या चाकांचा टो बदलण्याची सोय असते. मागचा अ‍ॅक्सल एकसंध असल्याने तिथे काहीच फिरवता येत नाही. त्यामुळे ‘चारही चाकांची अलाइनमेंट’ केली असे सांगितले गेले, तरी अशा गाडीत मागच्या चाकांचे केवळ मोजमाप झालेले असते. ते उपयोगाचे असतेच, पण त्याला दुरुस्ती म्हणता येत नाही.

कामाचा दर्जा यंत्राला हात लागण्याआधीच ठरतो. मेकॅनिकने प्रथम चारही टायरमधील हवा कंपनीने दिलेल्या आकड्यानुसार भरली पाहिजे आणि डिकीत अवजड सामान असल्यास ते उतरवायला सांगितले पाहिजे. त्यानंतर पुढचे चाक उचलून ते डावी-उजवीकडून धरून हलवावे, म्हणजे टाय रॉडमधला (स्टिअरिंगचे वळण चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्यातला) खेळ, म्हणजे ढिलेपणा, कळतो. वर-खाली धरून हलवल्यास चाक जोडणारा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग ढिले आहे का ते कळते. खेळ असलेल्या गाडीची अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही, कारण उभ्या गाडीवर घेतलेले माप रस्त्यावर टिकत नाही. कोकणातून किंवा घाटरस्त्याने खड्डे झेलून आलेल्या गाडीच्या बाबतीत तर ही तपासणी न करता थेट यंत्र लावणारे दुकान टाळलेलेच बरे.

प्रत्यक्ष कामात पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे. रिमवर क्लॅम्प (यंत्राचे मापक चाकावर धरणारे चिमटे) घट्ट आणि सरळ बसले पाहिजेत. वाकलेल्या काठावर बसलेला क्लॅम्प चुकीचे माप देतो. क्लॅम्प लावल्यानंतर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून किंवा चाक उचलून फिरवून रिमच्या वाकडेपणाची भरपाई यंत्राला करू द्यावी लागते. अनेक ठिकाणी घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पुढची चाके ज्या फिरत्या चकत्यांवर उभी असतात त्यांच्या पिना काढलेल्या असाव्यात आणि गाडी उचलली असल्यास खाली ठेवल्यावर ती दाबून सस्पेन्शन बसवून घ्यावे. टो जुळवताना स्टिअरिंग मधोमध ठेवून अडकवलेले असावे आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड गरजेनुसार फिरवले जावेत. एकच बाजू फिरवून एकूण आकडा जुळवला, तर स्टिअरिंग वाकडे होते. मग ते काढून सरळ बसवण्याचा सोपा मार्ग काही जण निवडतात, तो मान्य करू नये. शेवटी टाय रॉड जागेवर पक्का करणारे चेकनट पान्ह्याने आवळले गेले का, आणि टाय रॉड फिरवताना रॅकच्या (स्टिअरिंगच्या दातेरी दांड्याच्या) रबरी बूटला, म्हणजे आवरणाला, पीळ तर पडला नाही ना, हे खाली वाकून स्वतः पाहावे. पीळ पडलेला बूट काही काळाने फाटतो आणि धूळ-पाणी रॅकमध्ये शिरते.

प्रिंटआउटवर मर्यादेत बसणारे आकडे हिरव्या रंगात येतात, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. सर्वप्रथम वर छापलेले गाडीचे मॉडेल आणि वर्ष आपलेच आहे ना ते तपासावे, कारण चुकीचे मॉडेल निवडले असेल तर हिरवा रंग चुकीच्या मर्यादेशी तुलना करून आलेला असतो. कामाआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आकडे कागदावर असायलाच हवेत. फक्त नंतरचे आकडे देणाऱ्या कागदावरून काय बदलले ते कळत नाही. काही यंत्रे कोन दशांश अंशांत देतात, काही अंश आणि मिनिटांत. ०.१० अंश म्हणजे ६ मिनिटे आणि ०°१०′ म्हणजे १० मिनिटे, हा फरक ध्यानात ठेवूनच आकड्यांची तुलना करावी. टायरची झीज मुख्यतः एकूण टोवर (दोन्ही चाकांच्या टोच्या बेरजेवर) अवलंबून असते, म्हणून तो मर्यादेच्या कडेला नसून मध्याजवळ असावा, असा आग्रह धरणे रास्त आहे. कॅम्बर आणि कॅस्टर यांच्या डाव्या-उजव्या आकड्यांतील फरक अर्ध्या अंशाहून अधिक असेल, तर प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे हिरवा असूनही गाडी एका बाजूला ओढू शकते.

इथेच अनेकदा ‘कॅम्बर आउट आहे, करेक्शन करावे लागेल’ असे सांगून वेगळे पैसे मागितले जातात. कॅम्बर खरोखर बिघडला असेल, तर त्यामागे वाकलेला स्ट्रट (चाकाला आधार देणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह उभा खांब), खराब बुश (सांध्यातले रबर) किंवा अपघाताचा मार असण्याची शक्यता मोठी असते, आणि तो भाग शोधून बदलणे ही खरी दुरुस्ती. हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवून आकडा हिरवा करणे मला धोक्याचे वाटते. ज्या भागावर चाकाचा सारा भार येतो, तो जोर लावून वाकवण्यास मालकाने संमती देऊ नये.

त्यानंतर गाडी रस्त्यावर न्यावी. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते साधारणपणे कडेकडे उतरते केलेले असतात, त्यामुळे उत्तम स्थितीतील गाडीही हलकेच डावीकडे सरकते. सपाट मोकळी जागा मिळाल्यास उत्तम. नाहीतर उतार उलट्या बाजूला असलेला भाग शोधून फरक पाहावा. ४० ते ५० किलोमीटरच्या वेगाने पकड केवळ सैल करावी, हात सोडू नयेत. गाडी ठामपणे एकाच बाजूला ओढत असेल, तर दोष लगेच अलाइनमेंटवर ढकलू नये. पुढचे दोन टायर आपापसांत बदलून पाहावेत. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा (ठरावीक दिशेनेच फिरणाऱ्या टायरना ही चाचणी लागू नाही). एका बाजूचा ब्रेक अडकत असल्यास ते चाक दुसऱ्यापेक्षा अधिक तापते. ८० ते १०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर तो विषय बहुधा बॅलन्सिंगचा, म्हणजे चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करण्याचा, असतो. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या गाडीत डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला, तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्यावा.

घरच्या घरी टोची ढोबळ पडताळणी टेपनेही करता येते. सपाट जागेवर स्टिअरिंग सरळ ठेवून, दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, मध्यावरच्या एकाच खाचेवर खडूने खूण करावी. खुणा शक्य तितक्या हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीजवळ, पण टेप गाडीखाली कुठे अडकणार नाही अशा बेताने घ्याव्यात. त्यांतील अंतर मोजून गाडी पुढे ढकलावी आणि त्याच खुणा पुढच्या बाजूला तितक्याच उंचीवर आल्या, की पुन्हा मोजावे. गाडी मागे ढकलू नये, कारण त्याने जोडांतील खेळ उलटा होतो. सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास ६ मिनिटे एकूण टो. पुढचे अंतर कमी असेल तर चाके आत वळलेली आहेत, जास्त असेल तर बाहेर. या पद्धतीने यंत्राइतकी अचूकता येत नाही, पण कागदावर जवळजवळ शून्य लिहिलेले असताना टेपवर ४–५ मिलिमीटर येत असतील, तर कागदावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

पुढचे काही आठवडे टायरच्या नक्षीवरून अधूनमधून तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागत असेल, तर टो चुकला आहे. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजत असेल तर कॅम्बर पाहावा आणि दोन्ही कडा झिजत असतील तर हवा. शंका पक्की झाली, तर कागद घेऊन त्याच दुकानात जावे आणि काहीही न फिरवता आधी केवळ माप घ्यायला सांगावे. मग क्लॅम्प काढून, पुन्हा लावून, दुसऱ्यांदा माप घ्यायला सांगावे. दोन मापांत काही मिनिटांहून अधिक तफावत आली, तर ते यंत्र किंवा ते हाताळण्याची पद्धतच भरवशाची नाही आणि गाडी दुसरीकडे न्यावी.