इंग्लिश पार्लमेंटचा उगम: उत्तर लिहायला बसण्याआधी

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझ्याकडे एम.ए. इतिहासाची पोरं येतात. या प्रश्नावर बहुतेकांचं उत्तर 1215 च्या मॅग्ना कार्टापासून (राजाच्या अधिकाराला आळा घालणारी सनद) निघतं आणि 1295 ला उरकतं. मार्क पडतात, पण वाद कशावरून आहे ते वहीत येतच नाही.

म्हणून तारखा नंतर. आधी ठरवा, पार्लमेंट म्हणायचं कशाला? इतिहासकार स्टब्जचा भर प्रतिनिधींवर, म्हणून त्याला 1295 ची सभा नमुनेदार वाटली. मेटलंडनं 1893 मध्ये 1305 च्या पार्लमेंटचे कागद छापले, तर त्यात निघाले राजाकडे दाद मागणारे ढीगभर अर्ज. शिवाय परगण्यांच्या आणि शहरांच्या प्रतिनिधींना मार्चमध्ये घरी पाठवलं, तरी कामकाज चालूच! हा तपशील उत्तरात हवाच. रिचर्डसन आणि सेल्स यांनी पुढे न्यायदान हाच पार्लमेंटचा गाभा मानला, तो याच वाटेनं.

इतिहासकार मॅडिकॉट (2010 चं पुस्तक) थेट 924 पर्यंत मागे जातो, राजा अ‍ॅथेलस्टनच्या सभांपर्यंत. पुरावा काय, तर सनदांखालच्या साक्षीदारांच्या लांबलचक याद्या. आपल्याकडच्या गोतसभेच्या महजरावर (निवाड्याच्या कागदावर) हजर मंडळींची नावं असतात ना, तशा त्या वाचा. पण जपून. नाव आहे म्हणजे माणूस हजर होता. राजाला तो नाही म्हणू शकत होता का, हे यादी सांगत नाही.

माझा कौल कराच्या बाजूनं, म्हणजे कराला संमती देणारी किंवा नाकारणारी सभा ती पार्लमेंट. मॅग्ना कार्टातलं कराला संमती लागण्याचं कलम 1216 च्या नव्या मसुद्यात गाळलं गेलं, तरी 1237 नंतर थेट 1270 पर्यंत राजा हेन्री तिसऱ्याला जंगम मालमत्तेवरचा कर काही मिळाला नाही. मागितला की सभा नकार द्यायची. तुम्हाला न्यायदान पटत असेल तर तसं लिहा, फक्त 1305 ला धरून लिहा.

आणि हेन्रीविरुद्ध उठलेला सरदार सायमन द मॉन्टफर्ट याला 'पार्लमेंटचा जनक' म्हणून मोकळे होऊ नका. परगण्यांतले नाइट 1254 लाच बोलावले होते, तेही करासाठीच. 1265 ला सायमनच्या सभेत त्यांच्या जोडीला शहरांचे प्रतिनिधी आले, एवढं त्याच्या नावावर टाका. सरदार मात्र त्यानं बहुतेक आपल्याच गोटातले बोलावले होते, हे वाक्य खोडू नका.