अल्बमची बाजू आणि बिअरचा ग्लास

रॉक अल्बम आणि बिअरची जोडी लावताना गाण्याच्या नावापेक्षा वेळ आणि तापमान बघा. एलपीची (मोठ्या विनाइल तबकडीची) एक बाजू साधारण 20 ते 22 मिनिटांची असते, म्हणून एका बाजूला 200 मिली पुरे. पूर्ण ग्लास एकदम भरला, तर बाजू उलटेपर्यंत उरलेली बिअर कोमट आणि बेचव होते.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) संथ उलगडतो. त्याला इम्पीरियल स्टाउट (काळी, कडक बिअर) द्या, पण फ्रिजमधून 20 मिनिटं आधी काढा. 4 अंशांवर तिचा कॉफी-चॉकलेटचा गंध दबलेलाच राहतो. 10-12 अंशांना तो खुलतो आणि अल्बम पुढे सरकतो तसा आणखी गडद होत जातो. ही जोडी खरोखर सुरेख आहे! मात्र इम्पीरियल स्टाउटमध्ये अल्कोहोल 9-10 टक्क्यांच्या घरात असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना मिळून एकच बाटली, तीही वाटून.

एसी/डीसीच्या 'बॅक इन ब्लॅक'ला (1980) पिल्सनर (हलकी, सोनेरी बिअर), 5-6 अंशांवर. कोरडी, कुरकुरीत चव त्या तुटक गिटारला शोभते.

लेड झेपेलिनच्या चौथ्या अल्बमला (1971) आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट बिअर) चालते, पण कॅनवरची भरल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी. हॉप्सचा, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, वास सर्वांत आधी उडतो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो.

फेस लगेच बसत असेल, तर ग्लासात साबणाचा किंवा तेलाचा अंश आहे. गरम पाण्याने खळबळून उपडा वाळवा, फडक्याने पुसू नका.