घरचा लिनक्स राउटर: यंत्राआधी बाहेरची जोडणी तपासा

घरी लिनक्स राउटर, म्हणजे इंटरनेट घरभर वाटणारा लिनक्सवरचा संगणक, उभारायचा म्हटले की प्रत्येक जण आधी प्रोसेसरविषयी बोलू लागतो. शंभर-दोनशे एमबीपीएसच्या घरगुती फायबर जोडणीला दोन गिगाबिट लॅन पोर्ट आणि चार जीबी रॅम असलेला जुना, कमी वीज खाणारा मिनी पीसी पुरेसा होतो. यूएसबीला लावायच्या लॅन अडॅप्टरवर मात्र हे काम सोपवू नये. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात तो केव्हा दगा देईल याचा भरवसा नसतो.

यंत्र घेण्याआधी इंटरनेट पुरवणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: त्यांची फायबरची पेटी ब्रिज मोडवर (ती स्वतः राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देते) टाकून मिळेल का, पीपीपीओईचे (पुरवठादाराकडे लॉग-इन करण्याच्या पद्धतीचे) यूजरनेम आणि पासवर्ड काय, व्हीएलएएन क्रमांक (एकाच तारेवरचे वेगळे जाळे ओळखण्याचा आकडा) लागतो का, आणि जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (लॅन कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) बांधलेली आहे का. फोनवरच्या ‘हो, होऊन जाईल’ या उत्तरावर विसंबून मी एकदा यंत्र घेतले आणि पासवर्ड हाती येईपर्यंत ते तसेच पडून राहिले.

डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवणे, आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवरची पॅकेटे दुसऱ्यावर पुढे पाठवणे) सुरू करणे आणि घरातले पत्ते वाटण्यासाठी डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम लावणे हे तासाभराचे काम आहे. जुन्या वायफाय राउटरचे डीएचसीपी (पत्ते वाटण्याचे काम) बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टला जोडली की तो नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारी पेटी, होतो. फायरवॉलचे बाहेरच्या बाजूचे नियम लॅन कार्डाच्या नावावर न लिहिता पीपीपीओईने तयार होणाऱ्या ‘पीपीपी०’ या इंटरफेसवर (जोडणीच्या आभासी टोकावर) लिहावेत, नाहीतर ते लागूच होत नाहीत.

खरी कसोटी यानंतर लागते. माझ्याकडे सगळे जुळल्यासारखे दिसत होते: पिंगला (जोडणी तपासायच्या छोट्या हाकेला) उत्तर येत होते, शोधाचे पान उघडत होते, पण बँकेचे पान नुसते फिरत राहायचे. दोन संध्याकाळी मी डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलले, केबल बदलली, फायरवॉल पुन्हा लिहिली. शेवटी तेच पान राउटरवरूनच मागवून पाहिले, तर ते तत्काळ आले आणि लॅपटॉपवर मात्र अडकलेलेच होते. दोष कुठे आहे, हे त्या फरकाने सांगितले.

इथरनेटवरून, म्हणजे लॅनच्या तारेवरून, एका वेळी जास्तीत जास्त 1500 बाइटचे पॅकेट जाते. त्यातले आठ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते आणि 1492 उरतात. राउटरला हे ठाऊक असते, लॅपटॉपला नसते. तो समोरच्या सर्व्हरला 1500 च्याच हिशेबाने, 40 बाइटची शीर्षके वजा करून, 1460 बाइटचे तुकडे पाठवायला सांगतो. असे भरलेले पॅकेट पुरवठादाराच्या टोकाशी अडते, आणि ‘पॅकेट मोठे आहे’ हा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या यंत्रणेचा) निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने गिळला की सर्व्हर तेच पॅकेट पुनःपुन्हा पाठवत राहतो. लहान पाने उघडतात आणि मोठी लटकतात, ती यामुळे.

घरातल्या प्रत्येक उपकरणावर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) 1492 करा, हा सल्ला कृपया मानू नका. टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन तुम्ही कुठवर बदलत बसणार? उपाय राउटरवरच करायचा असतो. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत (राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीत) ‘टीसीपी फ्लॅग्ज सिन टीसीपी ऑप्शन मॅक्ससेग साइज सेट आरटी एमटीयू’ ही ओळ इंग्रजी अक्षरांत, जोडण्यांना परवानगी देणाऱ्या नियमांच्या आधी घालावी. मग जोडणी जुळतानाच तुकड्याचा 1460 हा आकडा आयपीव्ही4 साठी 1452 वर आणि आयपीव्ही6 साठी 1432 वर येतो. साखळी ‘आयनेट’ प्रकारच्या टेबलात असली म्हणजे दोन्हींना एकच ओळ पुरते. सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी बंद करण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण त्यामुळे तो उपयोगी निरोप आपणच अडवतो.

पडताळणीसाठी लॅपटॉपवरून, पॅकेटचे तुकडे करू नयेत असे सांगून, बाहेरच्या पत्त्याला 1464 बाइटचा पिंग करावा. त्यात 28 बाइटची शीर्षके मिळवली की 1492 होतात. हा पिंग गेला आणि 1465 चा अडला, तर हिशेब बरोबर आहे. वरची ‘मॅक्ससेग’ची ओळ काम करते की नाही, हे मात्र पिंगने कळत नाही. त्यासाठी ते अडकणारे पान लॅपटॉपवरच उघडून पाहावे. राउटरची ही अदलाबदल घरातले कोणी कामाच्या मीटिंगमध्ये नसताना करावी, आणि जुन्या पेटीच्या सेटिंगची प्रत आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावी.