ऑनलाइन भाडेकरारात वडिलांचा अंगठा मॅच होत नव्हता : माझा अनुभव

कोथरूडचा फ्लॅट वडिलांच्या नावावर. भाडेकरू, डिपॉझिट, सोसायटीला कळवणं, सगळं झालं. लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेकरार) नोंदवायला एजंट थंब मशीन घेऊन घरी आला आणि बाबांचा अंगठा आधारशी काही जुळेना. भाडेकरूचा पहिल्या फटक्यात जुळला.

हात साबणाने धुतले, व्हॅसलीन लावलं, दुसरी बोटं, दुसरं मशीन. ‘वय झालं की रेषा झिजतात’ हे ऐकून कान किटले.

मग ‘माय आधार’ पोर्टलवर बाबांच्या ओटीपीने लॉगिन करून ऑथेंटिकेशन हिस्टरी (आधार कधी तपासलं गेलं आणि निकाल काय, याची नोंद) पाहिली. एरर कोड ३३०, म्हणजे बायोमेट्रिक लॉक : आधारवरचे बोटांचे ठसे वापरायलाच बंद. बँकेतल्या फसवणुकीच्या बातम्या वाचून भाच्याने ते करून ठेवलं होतं (चांगलंच केलं होतं).

उपाय, याच क्रमाने : आधी मशीन जोडून एजंटला अंगठ्याच्या पानापर्यंत जाऊ द्या. मग आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून लॉगिन, ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’, आणि त्यात तात्पुरतं अनलॉक. लगेच अंगठा. मुदत १० मिनिटांची. नंतर लॉक आपोआप परत लागतो. कायमचं अनलॉक करू नका.

नोंदणी टाळून नोटरीवर भागवू, असं सुचवणारे भेटतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदलेला लेखी करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. करार हातात आल्यावर पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली.